पुतळा हलवा, पण दिवसाउजेडी

२७ डिसेंबर २०१० च्या पहाटे, शहर झोपेत असताना, पुणे महापालिकेच्या माणसांनी पोलिसांच्या बंदोबस्तात लाल महालातल्या समूहशिल्पातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा कापून वेगळा केला आणि उचलून नेला. पुणेकरांना बातमी कळली ती सकाळी. जिजाऊ जागेवर होत्या, सोन्याचा नांगर धरलेले बाल शिवाजी जागेवर होते, तिसरा माणूस तेवढा नव्हता. मग घोषणा, तोडफोड, बंद, सगळं ओळीने झालं. दादोजी शिवरायांचे गुरू होते की नव्हते, या वादात जातीचा विखार आधीपासून होताच, त्या दिवशी तो रस्त्यावर आला.

या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळी आहे. पुतळा हलवण्याचा ठराव महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला होता. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा निर्णय होता तो. तो चूक की बरोबर यावर वाद घालता येईल, पण निर्णय रीतसर होता. मग रीतसर निर्णयाची अंमलबजावणी पहाटेच्या अंधारात का? आपण जे करतोय ते योग्य आहे अशी खात्री असलेल्या सभागृहाने सकाळी अकरा वाजता, चार अभ्यासकांना आणि विरोधकांना समोर बोलावून ते काम करायला हवं होतं. बंदोबस्त तेव्हाही लावता आला असता.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक जागेतला पुतळा तिथे राहावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जिवंत नागरिकांना आहे आणि असायलाच हवा. पण हलवायचा तर लोकांसमोर हलवावा, कारण लेखी द्यावं, आणि काही झालं तरी फोडू नये. कुणाला मान द्यायचा हे आपली पिढी ठरवू शकते; पण तो दगड, ते ब्राँझ एकट्या आपल्या पिढीच्या मालकीचं नाही.

पुतळा हलवायचा विषय निघाला की 'इतिहास पुसू नका' हे वाक्य हमखास येतं. लाल महालाच्या बाबतीत ते लागूच पडत नाही. शहाजीराजांनी जिजाऊंसाठी आणि शिवबांसाठी बांधवून घेतलेली मूळ वास्तू केव्हाच नामशेष झाली. आज कसब्याजवळ दिसतो तो लाल महाल महापालिकेने १९८० च्या दशकात उभारलेला. त्यातलं शिल्प सतराव्या शतकाचा पुरावा नव्हतं. आपल्या काळातल्या पुण्याला कोणाला कोणाशेजारी उभं करावंसं वाटलं, याचा तो पुरावा होता. दादोजी समकालीन कागदांत भेटतात ते सुभेदार म्हणून, निवाड्यांत आणि महजरांत, म्हणजे त्या काळच्या न्यायसभांच्या लेखी निकालपत्रांत. शिवरायांचे गुरू ही त्यांची प्रतिमा वाढली ती नंतरच्या बखरींतून आणि पुढे शालेय पुस्तकांतून. अभ्यासकांनी यावर भांडावं, भांडत राहावं. पण सहलीला आलेल्या चौथीतल्या मुलीपुढे शिल्प हा वाद ठेवत नाही, ते तिला एकच उत्तर देऊन मोकळं होतं. म्हणून तो पुतळा तिथून काढण्यात मला गैर वाटत नाही. गैर वाटते ती पहाटेची वेळ, आणि तो कापण्याची घाई.

चौकात, न्यायालयाच्या आवारात, बागेच्या मधोमध, चौथऱ्यावर उभा केलेला पुतळा म्हणजे सर्वांच्या वतीने दिलेला मान. त्या मानाखाली ज्यांना मान खाली घालून चालावं लागतं, त्यांना 'इतिहास आहे, सहन करा' असं सांगण्याचा हक्क कोणालाही नाही. याचं माझ्या मते सर्वांत जळजळीत उदाहरण जयपूरला आहे. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा उभा आहे. तो कुठल्या राजाने बसवलेला नाही की इंग्रजांनी नाही. तो बसला १९८९ मध्ये, संविधान लागू होऊन जवळपास चाळीस वर्षं झाल्यावर. विरोध झाला, त्याच वर्षी न्यायाधीशांनी बैठकीत तो हटवायचं ठरवलं, त्याविरुद्ध याचिका आली, स्थगिती मिळाली, आणि प्रकरण अडकलं ते अडकलंच. २००० साली बाबा आढावांनी महाडहून जयपूरपर्यंत मोर्चा नेला. महाडहूनच का, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं ते तिथे. मोर्चा पोहोचला, पुतळा हलला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादहून दोन स्त्रिया जयपूरला गेल्या, पुतळ्यावर चढल्या आणि त्याला काळं फासलं. त्यांना अटक झाली.

त्यांनी कायदा मोडला हे खरंच. पण ज्या आवारात समतेच्या कायद्याने न्याय मागायचा, तिथे शूद्रांना आणि स्त्रियांना खालची पायरी दाखवणाऱ्या स्मृतिकाराला चौथरा मिळतो, आणि तो काढायचा निर्णय झाल्यावरही वर्षानुवर्षं तसाच राहतो, तेव्हा त्या दोघींना संयम शिकवायला माझी जीभ वळत नाही. मनूचा अभ्यास व्हावा, मनुस्मृती ग्रंथालयात राहावी, पुतळाही हवा तर संग्रहालयात जावा. न्यायमंदिराच्या अंगणात त्याला जागा नाही.

निर्णय अडवून धरला की काय होतं हे ब्रिस्टलनेही पाहिलं. गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा तिथे १८९५ पासून उभा होता. तो हटवा, असं शहरातले लोक कित्येक वर्षं सांगत होते. निदान खरं सांगणारी पाटी लावा, ही मागणीसुद्धा मजकुराच्या घोळात अडकली. ७ जून २०२० ला जमावाने दोर लावून तो पाडला आणि बंदरात ढकलला. पुढे पालिकेने तो पाण्यातून काढून शहराच्या संग्रहालयात दाखवला: आडवा ठेवलेला, अंगावर आंदोलकांनी फासलेल्या रंगासकट. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुतळ्याने काय सांगितलं आणि शहराने त्याला काय उत्तर दिलं, दोन्ही एकाच वस्तूवर वाचता येतं.

यासाठी आपल्याला ब्रिस्टलपर्यंत जायची गरजही नाही. मुंबईत फोर्टमध्ये व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा होता, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी देऊन उभारलेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला रात्री डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. पुढच्या वर्षी रँडवर गोळ्या झाडणारे तेच दामोदर. चापेकरांनी रात्र निवडली, कारण त्यांच्यापुढे दुसरी वेळच नव्हती. त्यांना सभागृह नव्हतं, मत नव्हतं, ठराव मांडायची सोय नव्हती. २०१० मध्ये पुण्याच्या सत्ताधाऱ्यांकडे हे सगळं होतं. तरी त्यांनी तीच वेळ निवडली, याचं मला दुःख आहे.

व्हिक्टोरिया आणि तिच्यासोबतचे गव्हर्नर, व्हाइसरॉय १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हलवले गेले. आज तिथे गेलात तर ही मंडळी झाडांच्या सावलीत बसलेली-उभी दिसतात. राणीचं नाक तुटलेलं आहे. भव्य छत्री आणि चौथरा नाही, त्यामुळे तिच्याकडे मान वर करून पाहावं लागत नाही. जवळ जाऊन झग्यावरची नक्षी, कोरीव कामातलं कौशल्य निवांत न्याहाळता येतं. त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून १९१४ मध्ये इथे उभा केला गेला. ज्यांनी हत्ती न्यायचा प्रयत्न केला त्या साम्राज्याची राणी आणि तो सांधलेला हत्ती एकाच आवारात आहेत. साम्राज्य म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगला वर्ग मुंबईत मला दाखवा.

आणि इतिहास पुसला गेला का? सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळाही त्याच वेळी तिथे गेला. पण त्या भागाला काळा घोडा म्हणायचं मुंबईने सोडलं नाही. राजा गेला, नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये त्या ठिकाणी स्वाराविना एक नवा घोडा बसवण्यात आला. एडवर्ड राजाविषयी ज्याला जाणून घ्यायचंय त्याला पुस्तकं आहेत, राणीची बाग आहे. पुतळा हलवा, हेच मद्रासच्या लोकांनी माउंट रोडवर उभ्या असलेल्या जनरल नीलच्या पुतळ्याबाबतही मागितलं होतं. १८५७ मध्ये अलाहाबाद आणि कानपूरला क्रौर्याची परिसीमा गाठलेल्या या अधिकाऱ्याच्या पुतळ्याविरुद्ध १९२७ मध्ये सत्याग्रह झाला, गांधीजींनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९३७ मध्ये राजाजींचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ येताच पुतळा संग्रहालयात गेला. दहा वर्षं लागली, पण त्या पुतळ्याला फोडून टाकण्याची गरज पडली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. भीमेच्या काठी पेरणे इथला जयस्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने उभारला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या आपल्या फौजेच्या गौरवासाठी, पेशवाई बुडवल्याच्या वर्षाची खूण म्हणून. 'गुलामगिरीच्या खुणा पुसा' एवढा एकच नियम लावला असता, तर १९४७ नंतर पहिला घण या खांबावर पडला असता. त्या स्तंभाच्या जवळ जाऊन संगमरवरावरची नावं वाचा. ४९ मृतांच्या नावांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ते महार सैनिक होते. ज्या माणसांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, ज्यांची सावली टाळली जात होती, त्यांची नावं शौर्यासाठी दगडात कोरलेली त्या काळात आणखी किती ठिकाणी सापडतील? कंपनीने ती कोरली ती आपल्या सोयीसाठी, समतेच्या ओढीने नव्हे. पण १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, आणि त्या दिवसापासून त्या खांबाचा अर्थ कंपनीच्या हातात राहिला नाही. आज दर १ जानेवारीला लाखो माणसं तिथे कंपनीला मानवंदना द्यायला जात नाहीत. आपल्या पूर्वजांची नावं वाचायला जातात. २०१८ मध्ये त्यांच्यावर जो हल्ला झाला तो विसरता येत नाही.

फोडू नये असं मी म्हणतो त्याचं मुख्य कारण हेच. एखादी वस्तू आपल्याला शत्रूची वाटते, आणि शंभर वर्षांनी कुणाला तरी तिच्यात आपल्या पणज्याचं नाव सापडतं. ते आधी कुणालाही सांगता येत नाही.

इथे कुणी मला कोंडीत पकडेल: अधिकार जिवंत नागरिकांचा म्हणता, मग उद्या बहुमताने जयस्तंभच हलवायचा ठराव झाला तर? प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. जिथे माणसं पडली त्याच जमिनीवर उभी असलेली स्मारकं आणि कबरी यांना मी चौकातल्या पुतळ्यांच्या रांगेत बसवत नाही. पुतळा कुठेही उभा करता येतो. मृत्यूची जागा दुसरीकडे नेता येत नाही. ती हलवली की तिचा अर्थच जातो. शिवाय ज्यांच्या मृतांची नावं तिथे आहेत त्यांचा शब्द नुसत्या हातांच्या संख्येपुढे हरता कामा नये.

हीच कसोटी मी खुलताबादला लावतो, आणि तिथे ती अनेकांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे. औरंगजेबाची कबर उघड्या आभाळाखाली, मातीची आहे. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतर, लॉर्ड कर्झनच्या काळात आली. मराठ्यांना संपवायला दख्खनेत उतरलेला हा बादशाह पाव शतक इथेच अडकून पडला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला, दिल्ली पुन्हा न पाहता. संभाजी महाराजांच्या हालहाल मृत्यूचा राग मराठी मनात आहे आणि तो खरा आहे, मी तो हलका करू पाहत नाही. पण ती कबर म्हणजे सन्मान नाही. ती एका मोहिमेचा शेवट कुठे झाला याची जागा आहे. राजाराम, ताराबाई, संताजी, धनाजी यांच्या लढ्याचा अर्थ त्या मातीत आहे. ती उखडायची मागणी मार्च २०२५ मध्ये पेटली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. तीनशे अठरा वर्षांपूर्वी मेलेल्या बादशाहासाठी आजच्या नागपूरकराने जीव गमवावा, याहून मोठा पराभव कोणता?

प्रतापगडाच्या पायथ्याशी मात्र प्रशासनाने बरोबर रेघ ओढली. अफझलखानाची कबर तिथे महाराजांच्या काळापासून आहे. शत्रू मेला की वैर संपलं, ही त्यांची रीत आपण अभिमानाने सांगतो. त्या कबरीभोवती वाढलेलं अनधिकृत बांधकाम नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडलं गेलं आणि कबर तशीच ठेवली गेली. कबर राहावी, तिचं उदात्तीकरण नको, हे मला पूर्ण पटतं. त्यासाठी नेमकी १० नोव्हेंबर, अफझलखानवधाचीच तारीख निवडायला नको होती. कायद्याची कारवाई कुणावर विजय मिळवल्यासारखी दिसता कामा नये.

जमावाने निर्णय घेतला की काय होतं, ते पुण्याने जानेवारी २०१७ मध्ये अनुभवलं. जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातून राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्री उखडून मुठेत फेकला गेला. 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर राग होता. आक्षेपात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. संभाजी महाराजांविषयीच्या जुन्या नाटकी प्रतिमेने त्यांच्यावर अन्याय केला, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. संभाजी महाराजांच्या नावाच्या बागेत गडकरी असावेत का, हा प्रश्न महापालिकेपुढे मांडण्याजोगा होता. मांडला असता तर माझं उत्तर गडकऱ्यांच्या बाजूचं असतं, कारण तो मान एका नाटकासाठी नव्हता, १९१९ मध्ये अकाली गेलेल्या एका मोठ्या नाटककारासाठी आणि कवीसाठी होता. पण मला माझं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही. आक्षेप घेणाऱ्यांनीही आपलं म्हणणं शहराला पटवून देण्याची संधी घालवली.

म्हणून महाराष्ट्राला हवी आहे ती एक उघड रीत. पुतळा बसवायला आपल्याकडे परवानग्या लागतात, समित्या असतात. हलवायला मात्र एक तर मोर्चा लागतो नाही तर रात्र लागते. आक्षेप आला तर तो लेखी घ्यावा, महिन्याभरात जाहीर सुनावणी लावावी, इतिहास जाणणारी माणसं त्यात असावीत आणि ज्या समाजाच्या भावनेला धक्का लागतो तोही त्यात असावा, दोन्हीकडचा. निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावा. हलवायचं ठरलं तर नवी जागा आधी ठरावी. गोदामात कुजत पडणं हीही एक प्रकारची तोडफोडच. रिकाम्या जागी पाटी लागावी: इथे काय होतं, कधी बसवलं, कधी आणि का हलवलं.

ही रीत लावून पाहायला एक वाद समोर उभाच आहे. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याची समाधी आणि शिल्प आहे. ते तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ मध्ये झालं. वाघ्याच्या कथेला समकालीन आधार नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ते शिल्प उखडून दरीत टाकलं गेलं, काही दिवसांत पुन्हा बसवलं गेलं. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी ते ३१ मेपूर्वी हटवा अशी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली, धनगर समाजातून तितकाच तीव्र विरोध झाला. दोन्ही बाजूंना मी खोटं म्हणणार नाही. महाराजांच्या समाधीशेजारी दंतकथा सत्यासारखी उभी राहू नये, हे खरं. आणि होळकरांनी महाराजांच्या पायाशी वाहिलेली निष्ठा कचऱ्यासारखी फेकली जाऊ नये, हेही खरं. तारखेची मुदत देऊन हे सुटणार नाही. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. खात्याने महाडला किंवा पाचाडला उघड सुनावणी ठेवावी, कागद मांडावेत, धनगर प्रतिनिधींना पहिल्या रांगेत बसवून ऐकावं. पुरावा नाही असं ठरलं तर शिल्प गडावरच दुसऱ्या जागी, होळकरांच्या देणगीची नोंद आणि १९३६ हे साल कोरून, सन्मानाने बसवावं. आपल्या कायद्यात पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात. वाघ्याच्या शिल्पाला ती २०३६ मध्ये पूर्ण होतील. सुनावणी घ्यायला तेवढा वेळ पुरेसा आहे.